गावच्या राईतली कालव्याकडची झाडं मेलीयत की नुसती पानगळ आहे? (फोटो टाकलेत, जाणकारांनी बघा)

परळचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी राहतो परळला पण गाव कोलाडच्या आतल्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे भांडणाची गोष्ट आहे आणि भाऊबंद सगळे मोबाईलवर असतात. तर गावाच्या वरच्या बाजूला आमच्या ग्रामदेवतेची, बहिरीची राई आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, देवराई. एक-दीड एकर असेल नसेल, मधे पत्र्याचं छोटं देऊळ, आणि राईच्या डोक्यावरून कालवा जातो, डोलवहालच्या बंधाऱ्यातून येतो तोच. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं कालव्याच्या बांधावरून अनवाणी पळत राईत शिरायचो, बांधावर पाय भाजायचे आणि आत पाऊल टाकलं की एकदम गार, आजी म्हणायची बहिरीने फ्रिज उघडा ठेवलाय.

आता यंदा शिमग्याला गेलो तर राईच्या कालव्याकडच्या कडेची आठ झाडं पार सुकल्यासारखी दिसली. आतली हिरवीगार आणि ही कडेची नुसती काटक्या. पालखी तिथूनच उतरते त्यामुळे सगळ्यांच्या नजरेत आलं, आणि रात्री गावकीची मिटिंग झाली त्यात विषय निघाला की झाडं मेली आहेत, उद्या पालखीवर फांदी पडली तर काय, तोडून विकू आणि त्याच पैशात देवळापुढे स्लॅबचा सभामंडप घालू. अर्धे लोक म्हणतात राईतली काडी घरी नेली तरी बहिरी सोडत नाही. माझा चुलतभाऊ म्हणतो कालव्याच्या पाण्यात केमिकल येतंय. मुंबई मंडळाचा मी खजिनदार (म्हणजे मंडपाची वर्गणी मीच गोळा करणार) म्हणून मला विचारलं तुझं काय मत, आणि मला झाडांतलं शून्य कळतं, आंबा फणस सोडले तर बाकी सगळी मला सारखीच दिसतात. पाडव्याला परत मिटिंग आहे. पाच फोटो टाकलेत. ही झाडं खरंच मेलीयत का, आणि मेली असतील तर कशाने?

भांडुपचा_बंड्या

मार्चमध्ये कोकणात झाडावर पान नाही म्हणून झाड मेलं म्हणणं म्हणजे दुपारी झोपलेल्या माणसाला खांदा द्यायला निघणं. पावसापर्यंत थांबा. बाय द वे राईत स्लॅब??

ऐनकिंजळ

बंड्या म्हणतोय ते बऱ्याच अंशी खरं आहे पण सगळं नाही. फोटो एकेक करून बघितले.

पहिल्या फोटोतली तीन झाडं ऐन आहेत, खोड मगरीच्या पाठीसारखं चौकोन चौकोन फुटलेलं दिसतंय ना, तीच खूण. ऐन या दिवसात बोडकाच असतो. त्याच्या शेजारचा किंजळ, तोही पान टाकतो. दुसऱ्या फोटोतलं, कालव्याला अगदी चिकटून असलेलं, ते ताम्हण आहे, फांद्यांवर मागच्या वर्षीची फुटलेली लाकडी बोंडं अजून लटकतायत बघा. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, त्याला पाण्याकाठची जागा आवडते. ते आत्ता काटकी दिसतंय पण एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा, जांभळ्या फुलांनी भरलं नाही तर मला सांगा. ही पाच झाडं झोपलीयत असंच मी धरेन. चौथ्या फोटोतल्या करंजाचं आत्ता सांगता येत नाही, तो याच सुमारास पानं झाडतो आणि थोड्याच दिवसांत नवी तुकतुकीत पालवी आणतो, तेव्हा पंधरा दिवसांनी बघा.

पण तिसरा फोटो मला अजिबात आवडला नाही. ती दोन जांभळं आहेत आणि जांभूळ कधीच असं उघडं पडत नाही. आणि दुसरी गोष्ट, त्यातल्या मोठ्या जांभळीची पानं गळलेलीच नाहीत, तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून आहेत. झाड स्वतःहून पान टाकतं तेव्हा देठाशी सांधा सोडवून व्यवस्थित टाकतं, ते जिवंत झाडाचं काम आहे. फांदी आधीच मेली तर सांधा सोडवायला कोणी उरत नाही, मग पानं तशीच वाळून लटकत राहतात. तोडलेली फांदी कुंपणाला लावली की तिची पानं महिनोन्‌महिने पडत नाहीत, बघितलं असेल.

गावात कोणी असेल तर एक काम सांगा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी कोरडं दिसलं तर ती फांदी गेली, मग खाली खाली येत खोडापर्यंत खरवडून बघायचं. सुरी वापरू नका, पोरं जोशात अख्खं झाड सोलून ठेवतात.

रोहेकर

केमिकलवाल्या भावाला सांगा, त्या कालव्यात येणारं पाणी मुळशीचं. घाटावर मुळशीला धरण, तिथून बोगद्यातून आणि पाईपातून पाणी खाली भिऱ्याला येतं, जवळपास पाचशे मीटरची उडी, तिथे वीज करून कुंडलिका नदीत सोडतात आणि डोलवहालला अडवून कालव्यात घेतात. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. त्याच्या आधी खोपोलीचं १९१५ आणि भिवपुरीचं १९२२, तिन्ही मूळची मुंबईच्या गिरण्या आणि ट्रेन-ट्रामसाठी. मूळचं हे पाणी मुळा नदीचं, भीमेतून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारं, ते फिरवून अरबी समुद्राकडे आणलंय. ह्याच धरणाविरुद्ध १९२१ ला सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्याच. म्हणजे परळच्या पाहुण्याच्या चाळीतला पंखा आणि गावच्या राईतला ओलावा एकाच पाण्याचे भाऊ आहेत. सकाळी कोलाडला राफ्टिंग चालतं ते पण ह्याच पाण्यावर.

सांगायचा मुद्दा असा की ते पाणी झाडं मारणारं नाही, उलट तुमची राई कालव्याच्या खालच्या अंगाला आहे ना, मग बांधातून पाझर राईतच उतरत असणार. आमच्याकडे कालव्याखालच्या विहिरी उन्हाळ्यात भरलेल्या आणि वरच्या अंगाच्या कोरड्या. कडेची जांभळं-करंजं पाझरावरच वाढलेली असणार, मूळ राई कालव्याच्या आधीची. मला वाटतं पाझर कमी झाला असेल. बांधाला सिमेंट केलंय का अलीकडे?

परळचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. रोहेकर, सिमेंट वगैरे काही नाही, बांध आहे तसाच मातीचा आहे, त्यावरून बाईक जातात.

ऐनकिंजळ, पुतण्याला व्हिडिओ कॉलवर राईत पाठवला, रेंज येत-जात होती त्यामुळे अर्धा तास गेला. ऐन तिन्ही हिरवे! किंजळ हिरवा, ताम्हण हिरवं. करंज वरून वाळका पण कंबरेच्या उंचीला हिरवा. जांभळीतली लहान वरून गेलेली, खाली हिरवट. मोठी जांभूळ मात्र कुठेही खरवडली तरी तपकिरी. त्याच जांभळीचा बुंध्यापर्यंतचा फोटो पुतण्याने काढलाय, पाचव्या फोटोच्या जागी तोच टाकतोय, जरा मोठा करून बघा. म्हणजे एक मेलंय हे खरं, आणि तेवढं गावकीला पुरेल असं वाटतंय, एक मेलं की आठही मेली.

मुलुंडची_माई

मी सहसा लिहीत नाही, नुसती वाचते, पण हा नवा पाचवा फोटो बघून राहवलं नाही. बाळा, त्या जांभळीचं पाऊल कुठे आहे?

कुठलंही मोठं झाड जमिनीत शिरताना पसरतं. माणसाचं पाऊल कसं घोट्याखाली रुंद होतं तसा बुंधा रुंद होतो आणि मुळ्यांच्या शिरा चारी बाजूंनी जमिनीवर दिसतात. तुझ्या फोटोत जांभूळ विजेच्या खांबासारखी सरळ जमिनीत गेलीय. करंजाचंही तसंच. आणि खालची माती बघ, राईच्या आत पाचोळा आहे, लाल माती आहे, आणि ह्या कडेला राखाडी, भेगा पडलेली, तळ्याच्या तळाशी असते तशी. हा गाळ आहे. कोणीतरी इथे दोन-तीन फूट गाळ टाकलाय.

आमच्या सोसायटीत हेच झालं होतं, बागेची लेव्हल करायची म्हणून बकुळीच्या गळ्यापर्यंत भराव घातला, दिसायला छान दिसलं आणि दीड वर्षात बकूळ गेली. मुळ्यांना हवा लागते गं बाई म्हणून मी ओरडत होते तर सेक्रेटरी म्हणाले झाडाला माती कधी जास्त होते का. होते. खाऊ घेणाऱ्या बारीक मुळ्या सगळ्या वरच्या वीतभर-हातभर मातीत असतात, त्यावर चिकट गाळ बसला आणि वरून पावसाळाभर तो भिजत राहिला की त्या गुदमरतात. शिवाय बुंध्याची साल ही उघड्या हवेसाठी केलेली, ती ओल्या गाळात कुजते.

ऐन काटक झाड, तो अजून तग धरून असेल, पण गाळ त्याच्याही पायात असला तर त्याला सुटलाच असं समजू नका. कधी टाकला तो गाळ, एवढं शोधून काढ.

भांडुपचा_बंड्या

माई रॉक्स. आम्ही सगळे शेंड्याकडे बघत होतो.

परळचा_पाहुणा

काय सांगू आता. शोधायला लांब जावंच लागलं नाही. घरी फोन केला, वडील दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले अरे मागच्या मेमध्ये आपणच चारी साफ केली की. झालं होतं असं की कालव्यातून शेतांकडे जाणारी चारी गाळाने बुजली होती, उन्हाळी भाताला पाणी पोचत नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांनी वर्गणी काढून दोन दिवस जेसीबी भाड्याने आणला आणि निघालेला सगळा गाळ चारीच्या कडेला म्हणजे राईत ओढला. कोणाच्या शेतात टाकायचा यावर भांडण नको म्हणून देवाच्या जागेत. देव काय बोलणार नाही. आणि हे सगळं पुढे होऊन करून घेणारे कोण, तर माझे सख्खे मोठे चुलते, जे आता मिटिंगमध्ये झाडं तोडा म्हणून सगळ्यात पुढे आहेत, आणि केमिकलचं बोलणारा त्यांचाच मुलगा.

आता हे मी मिटिंगमध्ये कसं काढू? तात्यांना तोंडावर बोलण्याची घरात कोणाची टाप नाही. आणि गाळ काढायचा तर परत जेसीबीच बोलवावा लागेल ना?

मुलुंडची_माई

जेसीबीचं नावसुद्धा काढू नकोस. बकेटच्या एका फटक्यात उरलेल्या मुळ्या जातील. हाताने, फावडं-घमेलं घेऊन. बुंध्यापासून सुरू करून बाहेर जायचं, आणि खोडाजवळ आल्यावर फावडं ठेवून हातानेच उकरायचं. मुळ्यांच्या शिरा दिसल्या आणि जुनी लाल माती लागली की थांबायचं, त्याखाली एक बोटही खणायचं नाही. खत घालू नका, कडुनिंबाचं पाणी वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रयोग नकोत. राईतलाच पाचोळा मोकळ्या केलेल्या जागी पातळ पसरा, बुंध्याला टेकवू नका. पावसाच्या आत उरकलं पाहिजे, एक पावसाळा आणखी गेला तर करंजाचंही मी सांगत नाही.

तात्यांना मिटिंगमध्ये बोलूच नकोस. आधी घरी जाऊन झाडाचं पाऊल दाखव.

सातबारा_उतारा

तोडायचं असेल किंवा नसेल, आधी राईच्या गटाचा सातबारा काढा. कोकणात राई कधी देवस्थानच्या नावावर असते, कधी सरकारच्या, कधी एखाद्या कुळाच्या, आणि गावकी शंभर वर्षं आपलीच समजून वापरत असते. नाव कोणाचं आणि इतर हक्कात काय लिहिलंय हे माहीत नसताना मंडपाची पावती फाडू नका, खजिनदार तुम्ही आहात, सही तुमची जाईल.

दुसरं, झाडं मेली म्हणून कुऱ्हाड घेऊन जाता येत नाही. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आहे, त्याच्या यादीतली झाडं खाजगी जमिनीत असली तरी परवानगी लागते, आणि तुमच्या आठांपैकी ऐन, किंजळ, जांभूळ तिन्ही जाती त्या यादीत आहेत. सहा झाडं तिथेच अडकली. कालव्याच्या हद्दीत एखादं उभं असेल तर ते गावाचंही नाही. हे मिटिंगमध्ये सांगा, तात्यांचं नाव न घेता काम होईल, आमच्याकडे असंच झालं होतं.

आणि जमलं तर ग्रामपंचायतीत विचारा जैवविविधता समिती आहे का. २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत असायला हवी, बहुतेक ठिकाणी कागदावर असते. त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवहीत राईची नोंद करून घ्या, झाडांची नावं ऐनकिंजळ देतील. दीड एकर म्हणजे काय मोठं असं कोणी म्हटलं तर सांगा, दोडामार्गातल्या बांबर्ड्याची राई अडीच हेक्टरच्या आसपास आहे, जायफळाच्या कुळातली पाणथळ जागेची झाडं तिथे आहेत, आणि तेवढ्याशा तुकड्याला सरकारने वारसा स्थळ केलंय.

ऐनकिंजळ

नोंदीसाठी कधीही. वर्तक आणि गाडगीळ या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर काम केलं तेव्हापासून याद्या होतायत, पण कालव्याकाठच्या राया म्हणून वेगळं कोणी फारसं बघत नाही, आणि तिथे उन्हाळ्यात गंमत असते. आतमध्ये कोरडं रान आणि कडेला बारमाही ओल, त्यामुळे खंड्या आणि हळद्या एकाच फांदीवर भेटतात. मेच्या शेवटी काजवे बघायला मी येणार, आत्ताच सांगून ठेवतो.

परळचा_पाहुणा

अपडेट. पाडव्याच्या आदल्या रविवारी मंडळाची अकरा पोरं घेऊन गेलो, दिव्याहून मेमू पकडली, उभ्याने. तात्यांना फक्त एवढंच म्हटलं की चला, राईत एक दाखवायचंय.

मोठ्या जांभळीपासून सुरुवात केली. वरचा गाळ विटेसारखा कडक, फावडं टणकन वाजायचं, पण फूटभर खाली गेलं की काळा, ओला, आणि वास गटारासारखा. बुंध्याची साल बोटाने दाबली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी निघून हातात आली. कोणी काही बोललं नाही. पावणेतीन फुटांवर लाल माती लागली आणि मुळ्यांच्या शिरा दिसल्या, माई म्हणालात तसंच पाऊल, पण काळं पडलेलं. तात्या उकिडवे बसले, ती साल हातात घेऊन वास घेतला आणि उठून निघून गेले. मला वाटलं आता वर्षभर घरात अबोला.

करंजाचा बुंधा मात्र अर्धाच कुजलाय, आणि तांबूस पालवी आली आहे. लहान जांभळीने गाळातच वर वर पांढऱ्या बारीक मुळ्या सोडल्या होत्या, बिचारीने तिच्या परीने सोय केली होती. त्या तोडाव्या लागल्या, माई, बरोबर केलं ना? ऐनांच्या पायात हातभरच गाळ होता, तीन ऐन आणि ताम्हण मोकळं झालं. किंजळ अर्धा राहिलाय.

अकराच्या सुमारास तात्या परत आले, ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन. म्हणाले गाळ इकडे तिकडे फेकू नका, माझ्या खालच्या शेतात टाका, भाताला चांगला असतो. बाकी एक अक्षर नाही. मग संध्याकाळपर्यंत स्वतः घमेली भरत होते, बहात्तर वर्षांचा माणूस.

पाडव्याच्या मिटिंगमध्ये सातबाराचा मुद्दा मी काढला, तलाठ्याकडून उतारा येईपर्यंत तोडायचं नाही असं ठरलं. मंडपावर अजून चर्चा चालूच आहे, तूर्त देवळाचे पत्रे बदलायचे. मेलेली जांभूळ पालखीच्या वाटेपासून लांब आहे, तिच्या वाळक्या फांदीत तांबटाने गोल भोक पाडलंय, पुतण्याने दाखवलं, आत-बाहेर चालू असतं त्याचं, म्हणून तिला तशीच ठेवलीय.

गाळ अजून निम्मा शिल्लक आहे. पुढच्या रविवारी परत जातोय, कोणाला यायचं असेल तर सांगा. जेवण तात्यांकडे.

मुलुंडची_माई

वरच्या पांढऱ्या मुळ्या तोडल्यास ते बरोबरच, त्यांच्या खाली जुन्या मुळ्या जिवंत असल्या तर झाड उठेल. लहान जांभळीला आठवड्यातून एकदा दोन हंडे पाणी घाला, बुंध्यात नाही, फांद्यांच्या घेराखाली. कालव्यातून पोरांना पाणी काढायला पाठवू नका, बांध निसरडा असतो.

भांडुपचा_बंड्या

मी येतो. फावडं तिकडे मिळेल ना, की मेमूत घेऊन उभा राहू?

परळचा_पाहुणा

फावडी आहेत, घमेली कमी पडतात. दोन आण.